पाणी सरळ आहे

आखिम, तू गेलास खऱ्या समुद्रावर,
स्टाव्हांगरपलीकडच्या तेलाच्या फलाटावर,
आणि हा तीनशे लिटरचा ठेवून गेलास
माझ्या बैठकीच्या खोलीत, शिवणयंत्राच्या जागी.
म्हणालास, आई, रोज फक्त दोन चिमटी. सोपं आहे.

सोपं!
मला मासा माहीत तो नाताळच्या आदल्या आठवड्यातला:
न्हाणीच्या टबात कार्प, तीन दिवस आंघोळी बंद,
मग तुझ्या वडिलांचा लाकडी हातोडा, आणि कांदा.
त्याला कुणी प्रवाळ दिलं नव्हतं राहायला.

मार्चमध्ये पहिली लव दिसली. हिरवी,
तान्ह्या पोराच्या मानेवर असते तेवढी.
खरं सांगू, बरी वाटली.
एप्रिलात तिचे केस झाले.
मे महिन्यात पिसं,
आणि ती जांभळ्या प्रवाळाच्या गळ्यापर्यंत आली.

मग मी बाह्या सरसावल्या.
तुझ्या जुन्या टूथब्रशाला पीळ देत देत उपटली,
काट्याला शेवया गुंडाळाव्यात तशी.
बादलीभर निघाली. आठवड्याने परत बादलीभर.
दिवा तीन दिवस बंद ठेवला, काचेवर पलंगपोस टाकला;
ब्रोनिस्लावा दारातूनच कुजबुजली, कोण गेलं गं?
बारा गोगलगायी आणल्या.
त्या शेवाळ सोडून सगळं खातात,
आणि उलट्या पडल्या की त्यांना सुलटं होता येत नाही.
म्हणून मी पहाटे चारला उठते,
कोपरापर्यंत हात घालते, एकेकीला सुलटी करते.

रविवारी तुझा फोन. तू आधी मासे विचारतोस, मग गुडघा.
मी सांगते, दोन्ही ठीक.

शेवटी बाटलीत पाणी भरलं आणि ट्रामने होझुव गाठलं.
दुकानातल्या पोराचं नाव तिमोतेउश, कानात तीन बाळ्या.
नळीत थेंब टाकले, हलवलं, उजेडाकडे धरलं.
निळं. फारच निळं, म्हणाला, फॉस्फेट.
मी म्हटलं, दोनच चिमटी घालते रे, देवाशपथ.
तुम्ही नाही हो आजी, तो म्हणाला, हे आधीचं.
दगड पितो, वर्षानुवर्षं. काही बोलत नाही.
भरला की मग सोडायला लागतो.

म्हणजे अकरा वर्षं तू
कामावरून आलास की एक चिमूट जास्त,
माझ्याशी भांडलास की एक जास्त,
आणि वडील गेले त्या हिवाळ्यात तर मूठमूठ.
मी बघत होते दारातून. बोलले नव्हते.
ते केशरी दोघे खाऊन खाऊन किती खाणार?

किती दिवस सोडेल, मी विचारलं.
त्याने खांदे उडवले.

तुझे वडील खाणीतून सुटले तरी
चार वर्षं उशीचा अभ्रा सकाळी राखाडी असायचा.
मी उकळत्या पाण्यात टाकायचे. ते म्हणायचे,
गेर्त्रूदा, राहू दे, उद्या परत येईल.
मी तरी टाकायचे.

घर आणखी कललंय, आखिम.
खालचा कोळसा गेला, वरचं बितोम हळूहळू बसतंय,
पालिकेचा माणूस येतो, भिंतीवरची भेग मोजतो, चहा पितो, जातो.
मला ते दिसतं फक्त तुझ्या टाकीत:
डावीकडे पाणी काठापासून चार बोटं,
उजवीकडे दोन.
पाणी सरळ आहे.

शनिवारी मीठ तोलते, तीस लिटर बदलते,
मांडीवर टॉवेल घेऊन उपटत बसते, रेडिओ लावून.
पुढचा दगड आता बराचसा मोकळा झालाय.
मागे, पंपाच्या आडोशाला,
मुठीएवढी हिरवी आहे अजून, डुलते.
तू विचारलंस तर सांगेन, तिथे हात पोचत नाही.

पोचतो.